वेताळवाडीचं तळं आणि वरचे घाट: पायी, सायकलने आणि बाइकने जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सिल्लोडचं पठार जिथं संपतं आणि खाली सोयगावचा मुलूख सुरू होतो, त्या कडेवर हळद्याचा घाट आहे. घाटाच्या बगलेला वेताळवाडीचा किल्ला, पायथ्याला वेताळवाडीचं धरण. धरण म्हणा किंवा तळं म्हणा, गावात दोन्ही शब्द चालतात. पहिला पाऊस पडून डोंगर हिरवा झाला की आमच्या फोनवर तेच प्रश्न येऊ लागतात. उत्तरं देऊन देऊन पाठ झाली, म्हणून एकदाची लिहून काढली. एक गोष्ट दोनदा लिहिलेली नाही. जिथं आधी येऊन गेली आहे, तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा घाट नेमका कुठं आहे? आम्हाला मराठवाड्यात घाट आहेत हेच माहीत नव्हतं.

असं म्हणणारे तुम्ही पहिले नाही. छत्रपती संभाजीनगरहून जळगावच्या रस्त्याने निघालात की साधारण ६५ किलोमीटरवर सिल्लोड. पुढे अजिंठ्याच्या दिशेने गोळेगाव लागतं. तिथून आत वळून उंडणगाव, मग हळदा. हळद्यापर्यंत दोन्ही बाजूंना मका आणि कपाशी, रस्ता सपाट, आणि डोंगराचं कुठं नावही नसतं. मग एका वळणावर समोरची जमीन एकदम तुटते आणि खाली दरी दिसते. हीच अजिंठ्याच्या डोंगररांगेची उत्तर कड. रस्ता इथून वळणं घेत वेताळवाडीला आणि पुढे सोयगावला उतरतो. सोयगाव तालुका मराठवाड्यातला असला, तरी घाटाखाली बोलीपासून भाजीपर्यंत सगळं खानदेशी वळणाचं आहे.

२. घाट, बारी आणि खिंड यांत फरक काय? नकाशावर ‘बैतलबारी’ असंही दिसलं.

रस्ता डोंगर चढतो-उतरतो तो घाट. दोन डोंगरांमधली अरुंद मोकळी जागा ती खिंड. बारी हा शब्द खानदेश-बागलाणकडचा. डोंगररांगेत पलीकडे जायला असलेली खाच म्हणजे बारी. सेलबारी, डोलबारी ही नावं त्यातलीच. वेताळवाडीच्या किल्ल्याला जुन्या इंग्रजी कागदांत ‘बैतलबारी’ म्हटलं आहे. म्हणजे किल्ल्याचं नावच त्या वाटेवरून पडलेलं. किल्ला कशासाठी बांधला, हे निराळं विचारायला नको. खालून वर येणारा माल आणि माणूस दोन्ही इथून दिसतात.

वाटांचं महत्त्व पटवायला आणखी एक गोष्ट सांगतो. याच रांगेत पश्चिमेला, कन्नड तालुक्यात, अंतूरचा किल्ला आहे. त्याच्या वाटेवर निजामशाही काळातला फारसी लेख असलेला दगडी खांब आहे. कोणती वाट दौलताबादला, कोणती चाळीसगावकडे, कोणती बुऱ्हाणपूरला, हे त्यावर कोरलेलं आहे. त्या काळातली रस्त्यावरची पाटीच ती.

३. तुम्ही प्रत्येकाला ‘आधी उतार, मग चढ’ असं बजावता. त्यात एवढं काय?

सगळं त्यातच आहे. एरवी डोंगराला आपण पायथ्याशी जातो, सकाळच्या थंडाव्यात चढतो आणि दमल्यावर उतरतो. इथं उलटं. संभाजीनगर, जालना, सिल्लोडहून येणारा माणूस आयताच डोंगराच्या डोक्यावर येऊन उभा राहतो. सकाळी ताज्या पायांनी उतरतो, तळ्यावर रमतो, डबा खातो, आणि दुपारी दोनला, ऊन डोक्यावर असताना, बाटली रिकामी असताना, सगळा घाट चढायला घेतो.

रांगेची घडणच तशी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे बसून हे पठार झालं. दक्षिणेकडे ते सावकाश उतरत जातं. उत्तरेला तापीच्या खोऱ्याकडे मात्र कडा. पाणीही इथूनच वाटलं जातं. माथ्याच्या दक्षिणेचं पाणी पूर्णेतून गोदावरीला, म्हणजे बंगालच्या उपसागराला जातं. कड्यावरून उत्तरेला पडलेलं तापीला, म्हणजे अरबी समुद्राला.

आम्ही स्वतः हे शिकलो ते मार्चातल्या एका दुपारी. दोघांत मिळून एकच बाटली उरली होती, सायकली हातात धरून ढकलत होतो. वळणावर शेळ्या राखणाऱ्या एका आजोबांनी कॅनमधलं पाणी दिलं आणि म्हणाले, “उतरायला काय, दगड बी उतरतो.” तेव्हापासून आम्ही शक्य असेल तेव्हा सोयगावला आदल्या रात्री मुक्काम करतो आणि सकाळी खालून वर चढतो.

४. कोणत्या महिन्यात यावं?

मन विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. तळं भरलेलं असतं, रस्ता सुकलेला असतो, गवत अजून उभं असतं. जुलै-ऑगस्टात धबधबे असतात, पण दगड सुटतात आणि रविवारी गर्दी होते. डिसेंबर-जानेवारी सायकलसाठी उत्तम. सकाळी हातमोजे घाला. फेब्रुवारीच्या अखेरीस पळस फुलतो. एवढ्यासाठी एक फेरी करण्यासारखी आहे. त्यानंतर ऊन वाढत जातं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सकाळी नऊच्या आत सगळं आटोपता येत असेल तरच.

५. एसटीने येता येईल का?

सिल्लोडपर्यंत काही अडचण नाही, संभाजीनगर-जळगाव मार्गावर गाड्या भरपूर. सिल्लोडहून उंडणगाव आणि सोयगावकडच्या गाड्यांच्या वेळा मात्र स्टँडवरच विचाराव्यात, मोबाइलवर सापडलेल्या वेळापत्रकावर भरवसा नको. खालून यायचं तर पाचोरा किंवा जळगाव रेल्वे स्टेशन सोयीचं. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे उतरल्या उतरल्या कंडक्टरला विचारून ठेवा. घाटात उभं राहून हात दाखवण्याची वेळ अनेकांवर आली आहे.

६. पायी जायचं तर कोणती वाट धरावी? किती वेळ लागतो?

तीन पर्याय आहेत.

सगळ्यात सोपा: गाडी घाटाच्या वरच्या अंगाला लावून किल्ल्याच्या जंजाळा दरवाजाकडे जायचं. रस्ता किल्ल्याच्या कुशीतूनच जातो, त्यामुळे अर्ध्या तासाच्या आत दरवाजा गाठता येतो. हा दरवाजा बघायला तरी थांबाच. दोन भक्कम बुरुजांच्या आड वळवून घातलेली वाट आणि वर शरभाचं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं शिल्प. आत तटबंदी धरून फिरलात तर अंबरखाना (धान्याचं कोठार), पाण्याची टाकी आणि कमानींची पडकी इमारत लागते. पलीकडच्या टोकाला गेलं की खाली तळं अख्खं दिसतं. किल्ला नीट बघायला दोन-अडीच तास हवेत.

मधला: वेताळवाडी गावातून वेताळवाडी दरवाजाने चढायचं. तासभर ते दीड तास. हाच चढ किल्ल्याचा खरा चढ. वरून जाणाऱ्याला तो कळतच नाही. आम्हाला हीच वाट आवडते, कारण मागे वळून पाहिलं की प्रत्येक वळणावर तळं थोडं थोडं लहान होत जातं.

तिसरा: एका दरवाजाने चढून दुसऱ्याने उतरायचं. त्यासाठी दुसऱ्या टोकाला गाडी नेऊन ठेवणारं कुणीतरी हवं.

पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं होतं आणि वाट हरवते. गावातला माहीतगार माणूस सोबत घ्या. त्याचा दिवसाचा रोज बुडतो हे लक्षात ठेवून पैसे आधी ठरवा.

७. सायकलने हा चढ झेपेल का? मी रोज शहरात वीस किलोमीटर चालवतो.

वीस किलोमीटर सपाटीवर चालवता म्हणजे दम आहे. चढाची सवय आहे का, हा प्रश्न. अंदाज यावा म्हणून: याच रांगेतल्या कन्नड आणि चाळीसगाव या दोन गावांच्या उंचीत तीनशे मीटरच्या आसपास फरक आहे. हळद्याचा घाटही त्याच जातीचा. थांबत थांबत, हलक्या गिअरवर, कुठलाही धडधाकट माणूस चढतो. घाई केली की पहिल्या तीन वळणांत छाती भरते.

पॅडलपाशी एकच मोठी दातेरी चकती असलेली, गिअर नसलेली जुनी सायकल असेल तर अवघड ठिकाणी उतरून चाला, त्यात कमीपणा नाही. गिअरची असेल तर मागची मोठी चकती निदान ३२ दातांची असावी. शहरातच सराव करायचा असेल तर दौलताबादचा घाट, आणि तो जमला की खुलताबादहून म्हैसमाळ. म्हैसमाळ न थांबता जमलं तर हळद्याची काळजी करू नका.

८. उतारावर काही विशेष काळजी?

जास्त अपघात उतारावरच होतात. ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, दाबा, सोडा. रिमला लागणारे रबरी ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, म्हणून दोन-तीन वळणांनंतर थांबून हात लावून बघा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. उसाची ट्रॉली क्वचितच, पण कापसाने भरलेले टेम्पो आणि चाऱ्याच्या बैलगाड्या नेहमीच्या. चारा रस्त्याच्या मध्यापर्यंत पसरलेला असतो. पावसाळ्यानंतर वळणांवर बारीक खडी साचते. सायकल घसरते ती तिच्यावरच.

९. पंक्चर फार होतात असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. कारण एकच: काटे. शेताला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण असतं, शेळ्यांसाठी फांद्या तोडून नेताना त्या रस्त्यावर सांडतात, आणि वेडी बाभूळ तर धरणाच्या कडेने रानभर. बाभळीचा वाळका काटा बुटाच्या तळव्यातून आरपार जातो, तिथं टायरचं काय.

दोन जादा ट्यूब, पंप, सोल्यूशनची डबी आणि पत्त्या घेऊन या. ट्यूबमध्ये सीलंट भरलं असेल तर उत्तमच. उंडणगाव आणि सोयगावात पंक्चरवाले आहेत, पण त्यांच्याकडे मोटारसायकल आणि ट्रॅक्टरचा माल असतो. तुमच्या बारीक तोंडाच्या व्हॉल्वला त्यांचा पंप बसणार नाही. छोटंसं पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. टायरमधला काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

१०. बाइकने आलो तर?

डांबरी रस्ता आहे, बाइक आरामात जाते. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणाऱ्यांनी तेवढं करू नये. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनाच्या ओढीने उतरा, ब्रेक थंड राहतात. स्कूटरला ही सोय कमी, म्हणून प्रश्न ८ मधली थांबायची शिस्त स्कूटरवाल्यांनाही लागू. पेट्रोल सिल्लोडलाच भरून घ्या. आणि सायलेन्सर काढलेली गाडी घाटात आणू नका. कड्यावर आग्या मोहोळं आहेत (प्रश्न १४).

११. पाणी किती घ्यायचं?

हिवाळ्यात माणशी दोन लिटर, ऑक्टोबर हीटमध्ये तीन, उन्हाळ्यात चार. निम्मं पाणी परतीच्या चढासाठी राखून ठेवायचं, म्हणजे अर्धी बाटली संपली की तळ्यावरचा मुक्काम संपला. घाटात पाण्याची सोय धरू नका. किल्ल्यावरच्या टाक्यांचं पाणी पिऊ नका. वेताळवाडीत कुणाच्याही दारात मागितलंत तर मिळेल, पण उन्हाळ्यात त्या घरचंही पाणी विकतचं किंवा लांबून आणलेलं असू शकतं. तांब्याभर मागा, पाच लिटरचा कॅन पुढे करू नका.

१२. तळ्यात पोहता येतं का?

नाही. हे प्यायच्या पाण्याचं धरण आहे, सोयगावला इथूनच पाणी जातं. दुसरं म्हणजे गाळ. काठावर जमीन घट्ट दिसते, पाय टाकला की गुडघाभर आत. मासेमारीची जाळी पाण्याखाली असतात. सांडव्यावरून पाणी वाहत असताना त्यावर उभं राहून फोटो काढणारे दरवर्षी दिसतात. शेवाळ धरलेल्या दगडावरून पाय निसटला तर सावरायला काही नसतं.

१३. मग तळ्याभोवती पायी फेरी मारता येईल का?

काही भाग येईल. भिंतीवरून चालायला मनाई असेल तर ती पाळा. बाकी काठावर पाणी ओसरलं की लोक गाळपेर करतात, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात. तुम्हाला मोकळं मैदान वाटेल, ते कुणाचं तरी शेत असतं. बांधाने चाला.

सगळ्यात मोठा धोका मात्र कुणी विचारतच नाही: मोटारींच्या केबल. काठावर शेतकऱ्यांचे पंप असतात, त्यांच्या वायरी गवतातून, ओल्या मातीतून गेलेल्या असतात, आणि जोड कधी कधी नुसत्या चिकटपट्टीचा. वायर दिसली की ओलांडू नका, वळसा घाला. सायकल तर तिच्यावरून मुळीच नेऊ नका.

१४. बिबट्या आहे का? साप?

अजिंठ्याच्या रांगेत बिबट्या आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. २०२१ मध्ये तर विदर्भातल्या टिपेश्वरचा वाघ चालत चालत याच रांगेतल्या गौताळा अभयारण्यापर्यंत आला होता आणि कॅमेऱ्यात टिपला गेला. पण दिवसा, बोलत चालणाऱ्या माणसांना बिबट्या सहसा दिसत नाही. सांजवेळी आणि पहाटे अंधारात घाटात एकट्याने फिरू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ. प्राणी दिसला, जखमी सापडला, तर वनखात्याचा हेल्पलाइन क्रमांक १९२६.

सापांत घोणस, फुरसं, नाग, मण्यार चारही विषारी जाती या भागात आहेत. तटाच्या भोकात हात घालू नका, बसण्याआधी दगड बघा. दंश झालाच तर दोरी आवळणं, चिरा देणं, मंत्र घालणं यात वेळ दवडू नका. माणसाला शांत आडवं ठेवा, तो अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा.

आमच्या मते या दोघांपेक्षा मधमाश्या जास्त धोक्याच्या. लेण्यांच्या कपारीत, दरवाजांच्या कमानीत आग्या मोहोळ असतं. अत्तर, धूर, आरडाओरडा, ड्रोनचा आवाज, यातलं काहीही पुरतं. माश्या उठल्या तर हात हलवत उभं राहू नका. तोंड कापडाने झाकून तिथून लांब पळा.

१५. परवानगी लागते का?

घाटाच्या रस्त्याला नाही, तो सार्वजनिक रस्ता आहे. रस्ता सोडून रानात शिरलात की बरीचशी जमीन वनखात्याची. वाटसरूला कुणी हटकत नाही, पण आग, लाकूडतोड आणि दारू यांवर कारवाई होते, आणि व्हायलाच हवी. सीताफळाच्या दिवसांत झाडाला हात घालण्याआधी विचारा. ती झाडं रानातली दिसली तरी बऱ्याचदा कुणाच्या तरी बांधावरची असतात. अभयारण्याचे नियम निराळे, ते पुढच्या उत्तरात.

१६. गौताळ्याचं तळं आणि औट्रम घाट इथूनच जवळ आहेत ना? ते आणि हे एकच का?

एकच रांग, पण ठिकाणं वेगळी. गौताळा कन्नडजवळ, बरंच पश्चिमेला. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. तिथलं तळं वर पठारावर, रानाच्या पोटात आहे. वेताळवाडीचं कड्याच्या पायथ्याला. त्यामुळे गौताळ्यात ‘उतरून तळ्यावर’ हा प्रकारच नाही. अभयारण्यात नाक्यावर नोंद करून, ठरवून दिलेल्या रस्त्यानेच फिरायचं असतं. सायकल नेता येईल का, हे जाण्याआधी कन्नडच्या वनकार्यालयात विचारून घ्या.

औट्रम घाट म्हणजे कन्नड-चाळीसगाव घाट. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली, त्याचं नाव घाटाला चिकटलं. हा राष्ट्रीय महामार्ग आहे. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस अतिवृष्टीत इथं दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जड वाहनांना मनाई केली, तरी लहान गाड्यांचा वेग आणि अरुंद वळणं बघता सायकलला आम्ही हा घाट सुचवत नाही. पायी तर नाहीच.

१७. घटोत्कच लेणी आणि जंजाळ्याचा किल्ला त्याच दिवशी होतील का?

गाडी असेल आणि सकाळी सहाला सुरुवात केलीत तर वेताळवाडी आणि जंजाळा एका दिवसात होतात. सायकलने दोन दिवस ठेवा.

उंडणगावहून अंभईमार्गे जंजाळा गाठायचं. हे गावही पठाराच्या कडेवर, किल्ला जवळजवळ सपाटीवरून आत शिरण्यासारखा, आणि लेणं कड्याच्या पोटात, खाली. म्हणजे पुन्हा तोच उलटा हिशेब: आधी उतरा, मग चढा. खालून जरंडीच्या बाजूनेही वाट आहे, तिथं चढ आधी येतो. लेणं वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याच्या लेखामुळे ओळखलं जातं. अजिंठ्याचं सोळावं लेणं त्यानेच करवलं. अजिंठ्याची गर्दी बघून आलेल्याला इथली शांतता खरी वाटत नाही. आत वटवाघळं असतात. वास येतो, तयारी ठेवा.

१८. हळद्याने उतरून अजिंठ्याच्या घाटाने परत, अशी गोल फेरी करता येईल?

येईल, आणि सायकलवाल्यांसाठी हीच सगळ्यात सुंदर फेरी. गोळेगाव, उंडणगाव, हळदा, घाट उतरून वेताळवाडी, सोयगाव, तिथून कड्याच्या पायथ्यापायथ्याने फर्दापूर, मग अजिंठ्याचा घाट चढून अजिंठा गाव आणि परत गोळेगाव. पूर्ण दिवस लागतो.

दिशा कोणती, यावर आमच्यातच वाद आहे. वर दिलेल्या दिशेने गेलात तर चढ महामार्गावर येतो. रस्ता रुंद, पण वाहनं फार. उलट दिशेने गेलात तर महामार्ग उतारावर झटपट संपतो आणि चढ हळद्याच्या शांत घाटात येतो, पण दुपारी. आम्ही हिवाळ्यात उलट दिशा धरतो, इतर वेळी सरळ. लेणी त्याच दिवशी बघायचा मोह टाळा, सायकलचे बूट घालून तीसेक लेणी कुणी नीट बघितल्याचं ऐकलेलं नाही. लेणी सोमवारी बंद असतात, हेही लक्षात असू द्या.

१९. मी एकटी येऊ का? मुलगी आहे, घरचे नाही म्हणतात.

आमच्याकडे एकट्या येऊन गेलेल्या ताया आहेत. रस्त्याने, दिवसा, सायकल किंवा गाडीवर असाल तर विशेष अडचण आल्याचं कुणी सांगितलेलं नाही. गावातल्या बायका थांबवून चौकशी करतात आणि चहा पाजतात. किल्ल्यावर किंवा रानात मात्र एकट्याने जाऊ नका. हे आम्ही पुरुषांनाही सांगतो, कारण पाय मुरगळला तर घाटाच्या पोटात रेंज नसते. निघताना हळद्यात किंवा वेताळवाडीत एखाद्या दुकानात ‘चारपर्यंत परत येते’ असं सांगून ठेवा. ११२ हा क्रमांक रेंज आहे तोवरच कामाचा.

२०. तळ्याकाठी तंबू ठोकला तर चालेल?

विचारल्याशिवाय नाही. काठाची जमीन कुणाची, हे नुसतं बघून कळत नाही (प्रश्न १३). गावात सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटून, त्यांनी दाखवलेल्या जागी, गावाजवळ मुक्काम करा. किल्ल्यावर रात्री राहू नका. शाळेचा व्हरांडा किंवा देवळाचा ओटा मिळाला तर तंबूपेक्षा बरा. जेवण सांगितलंत तर घरगुती मिळतं. घाटावर पिठलं-भाकरी आणि ठेचा मिळेल, घाटाखाली भरीत आणि कळण्याची भाकरी. भांडणात न पडता दोन्ही खा.

२१. उतरलो, पण चढायची ताकदच उरली नाही. आता?

हा फोन महिन्यातून एकदा येतोच. सोयगावला जा. सायकल छपरावर घेईल असा टेम्पो किंवा काळीपिवळी मिळते, भाडं आधी ठरवा. घाटात अडकलात तर रिकामा परतणारा पिकअप हात दाखवल्यावर थांबतो. दुपार असेल तर सावलीत पडून राहा आणि चारनंतर चढा. पाणी असेल तर हाच सगळ्यात चांगला उपाय आहे.

२२. वाटेत पाऊस किंवा वीज आली तर?

पावसापेक्षा विजेला घाबरा. मराठवाड्यात जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात. माथा, बुरुज आणि एकटं झाड सोडा. सायकल बाजूला ठेवून पाय जुळवून उकिडवे बसा. पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असू द्या. दरड पडलेली दिसली तर तिच्यावरून सायकल उचलून नेण्याचं धाडस नको. पहिला दगड पडला तिथंच दुसरा पडतो.

२३. यंदा पाऊस कमी झाला, तळं कोरडं आहे. तरी यावं का?

या. किल्ला आणि घाट कुठं जात नाहीत. तळाचा गाळ भेगाळलेला दिसतो, मधे उरलेल्या डबक्यावर बगळे आणि चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी) दाटीने बसतात, आणि कडेला ट्रॅक्टर गाळ भरून शेतात नेत असतात. त्या ट्रॅक्टरांनी रस्ता धुळीने भरतो, तोंडाला रुमाल बांधा. अशा वर्षी पाणी मागताना प्रश्न ११ पुन्हा वाचा. सिल्लोडहून निघतानाच सगळं पाणी सोबत घ्या.